दहा सतराची नोंद

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या रुग्णालयाचे अधिष्ठाता महोदय, व्यासपीठावर असलेल्या या महाविद्यालयाच्या प्राचार्या, तत्त्वज्ञान विभागातले अध्यापक, शस्त्रक्रियागृहातले माझे सहकारी, सिस्टर, वॉर्डातल्या मावश्या आणि मामा, विद्यार्थी मित्रहो, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते सर आणि पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला पंधरा मिनिटं दिली आहेत. भूलतज्ज्ञ बाईच्या हातात माइक द्यायचा आणि समोरच्यांनी जागं राहावं अशी अपेक्षा ठेवायची, हे आयोजकांचं धाडस आहे. मी माझ्याकडून प्रयत्न करते. आणखी एक अडचण मला इथून स्पष्ट दिसते आहे. उजवीकडची सगळी मंडळी आमच्या शस्त्रक्रियागृहातली आहेत आणि मास्क नसल्यामुळे त्यांतली निम्मी एकमेकांना ओळखत नाहीयेत. कृपया चहाच्या वेळी ओळखी करून घ्याव्यात.

सरांच्या ग्रंथांबद्दल, विद्यार्थ्यांबद्दल, त्यांच्या अक्षराबद्दल माझ्या आधीचे वक्ते बोलले. मानपत्र वाचून झालं. त्या मानपत्रात खालून तिसरी एक ओळ आहे, ‘रुग्णालयाच्या भूलशास्त्र विभागासमवेत चौदा वर्षे संयुक्त संशोधन’. ओळ बरोबर आहे. फक्त त्या चौदा वर्षांत सहा दिवस असे आहेत की ज्यांत मी आणि सर एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. एका बाईंना एक गोष्ट सांगायची की नाही, एवढाच वाद होता. सांगितली असती तर माझी नोकरी जाण्याची शक्यता होती. न सांगितली तर, सरांच्या म्हणण्याप्रमाणे, आम्ही त्या बाईंचीच एक वस्तू आमच्याकडे दडवून ठेवत होतो. मी आज त्या सहा दिवसांबद्दल बोलणार आहे. सरांची परवानगी घेतली आहे. त्या बाईंचीही घेतली आहे.

सुरुवात कुठून करू? आमच्या ओळखीपासूनच करते. भूलशास्त्रावर मी एक जाहीर व्याख्यान दिलं होतं. सोपं, सर्वांसाठी, चित्रंबित्रं दाखवून. भूल दिली की मेंदूचे निरनिराळे भाग एकमेकांशी बोलायचे थांबतात, आणि माणसाची जाणीव मावळते, असं मी सांगितलं. टाळ्याही पडल्या. मग मागच्या रांगेतून एक उंच गृहस्थ उठले. हातात छत्री, अंगात कोट. म्हणाले, “बाई, आपण माणसाला झोपवता, की त्याला नंतर साक्ष देता येणार नाही एवढीच व्यवस्था करता?”

सभागृह हसलं. मीही हसले. घरी गेल्यावर मात्र हसू येईना. कारण प्रश्न रास्त होता. आम्ही रुग्णाला तीन प्रकारची औषधं देतो. एक झोपेचं, एक वेदनेचं आणि तिसरं शरीर हलू नये म्हणून स्नायू सैल करणारं. हे तिसरं दिलं की माणूस बोटसुद्धा हलवू शकत नाही. आत कोणी जागं असलं, तरी सांगणार कसं? आणि झोपेच्या औषधाची एक खोड अशी की ते आधी आठवण पुसतं आणि मग झोपवतं. थोडक्यात, आमचा साक्षीदार घटनेच्या वेळी बोलू शकत नाही, आणि बोलू लागतो तेव्हा त्याला काही आठवत नसतं. यावरून आम्ही निष्कर्ष काढतो, की काही घडलंच नाही! न्यायालयात असा निष्कर्ष कोणी मांडला तर न्यायाधीश त्याला बाहेर काढतील.

पुढच्याच आठवड्यात मी सरांना गाठलं. त्यांची खोली इथे वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून. दोन खुर्च्या, त्यांतल्या एकीवर कायम पुस्तकं. म्हणजे पाहुण्याने उभंच राहायचं. उभ्या उभ्या मी त्यांना एक जुनी युक्ती सांगितली. स्नायू सैल करणारं औषध देण्याआधी एका हाताला, रक्तदाब मोजतात तसा पट्टा आवळून बांधायचा. मग ते औषध त्या हातात पोचत नाही. सगळं शरीर निश्चल होतं, तो एक हात तेवढा मोकळा राहतो. पहिली वीसेक मिनिटं. त्यानंतर पट्टा सोडावाच लागतो. तेवढ्या वेळात कानाशी जाऊन विचारायचं, ऐकू येतंय का, येत असेल तर हात दाबा.

सर म्हणाले, “आणि हात धरणार कोण?”

मी म्हटलं, “तुम्ही.”

अशा तऱ्हेने तत्त्वज्ञानाचे एक प्राध्यापक आठवड्यातून दोन सकाळी हिरवे कपडे घालून आमच्याकडे येऊ लागले. त्यांच्यासाठी कोपऱ्यातून एक स्टूल काढलं. पायमोजे कुठे घालायचे आणि टोपी कुठून बांधायची हे शिकायला त्यांना महिना लागला. आमचे सर्जन त्यांना ‘परलोकवाले’ म्हणायचे. सिस्टरांनी त्यांचं नाव ‘स्टूलवाले सर’ ठेवलं आणि तेच टिकलं.

पहिल्या तीस रुग्णांपैकी एकानेही हात दाबला नाही. मी खूश होते. माझी भूल उत्तम आहे, हे सिद्ध होत होतं. घोडं कुठे अडलं होतं ते आमच्या इन्चार्ज सिस्टरांच्या लक्षात आलं. सरांना अनोळखी माणसाला एकेरी हाक मारणं जमत नाही, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना माहीत आहेच. दारातल्या मांजरालाही ते ‘आपण जरा बाजूला होता का’ म्हणतात. तर भूल दिलेल्या रुग्णाच्या कानाशी वाकून सर म्हणत असत, “आपणांस माझा आवाज ऐकू येत असल्यास कृपया माझा हात हलकेच दाबावा.”

सिस्टर म्हणाल्या, “सर, हे वाक्य संपेपर्यंत मलाच झोप येते. त्या बिचाऱ्यांचं काय? त्यांना घरी काय म्हणतात ते विचारा आणि सरळ हाक मारा.”

तेव्हापासून आमच्या अभ्यासात ती पद्धतच पडली. आदल्या संध्याकाळी सर वॉर्डात जायचे आणि नातेवाइकांना विचारायचे, “घरी काय हाक मारतात?” काय काय नावं निघाली म्हणून सांगू! निवृत्त न्यायाधीशांना घरी ‘छोटू’ म्हणत होते. एक कुस्ती शिकवणारे पैलवान होते, ते निघाले ‘सोनी’. सरांनी ही सगळी नावं वहीत लिहिली, आणि कानाशी जाऊन, कानकोंडे होत होत, “छोटू, ऐकू येतंय? हात दाब,” असं म्हणायला ते शिकले. एकतिसाव्या रुग्णाने हात दाबला.

मी नंतर त्या रुग्णाला विचारलं. त्याला काहीच आठवत नव्हतं.

एकूण दोनशे बारा जण आम्ही तपासले आणि त्यांतल्या अकरा जणांनी उत्तर दिलं. अकराही जणांच्या कपाळाला लावलेल्या यंत्रावर त्या वेळी आकडा ‘गाढ झोप’ असाच होता. अकरापैकी एकालाही नंतर काही आठवलं नाही. आता हे ऐकायला गमतीचं वाटेल, पण माझ्यासारख्या मेंदूच्या लहरी मोजणाऱ्या बाईची त्यामुळे चांगलीच पंचाईत झाली. माझं यंत्र म्हणतं, आत कोणी नाही. हात म्हणतो, मी आहे. आणि खुद्द माणूस म्हणतो, मी नव्हतो. तिघांपैकी कोणाचं खरं धरायचं? हे ठरवणारं चौथं यंत्र कुठे मिळत नाही. इथे आम्हांला सरांचा उपयोग झाला.

सर म्हणायचे, तुम्ही तीन गोष्टी एकाच खुंटीला टांगता. बाहेरच्याला उत्तर देणं ही एक. आत काहीतरी जाणवणं ही दुसरी. आणि जाणवलेलं नंतर आठवणं ही तिसरी. स्वप्नात माणसाला जाणवत असतं, पण तो हाकेला ओ देत नाही. त्या अकरा जणांनी ओ दिली, पण त्यांना आठवत नाही. मग तिसरी गोष्ट नाही म्हणून दुसरीही नव्हती, हे तुम्ही कशावरून ठरवता? एका फार जुन्या वादाची ते आठवण करून द्यायचे. माणूस गाढ झोपेतून उठतो आणि म्हणतो, छान झोप लागली होती. छान होती हे त्याला कळलं कसं, तो तिथे नव्हता तर? यावर आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षं डोकं खाजवलं आहे. मला तोवर वाटायचं, रिकामा वेळ फार असावा त्यांच्याकडे.

पण सर कुठे चुकले होते तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर सगळं शहाणपण यांचंच होतं असा समज व्हायचा. जाणीव ही अखंड असते, ती एक तर असते किंवा नसते, मधलं काही नाही, असं सर वर्गात एकोणीस वर्षं शिकवत होते. मी त्यांना मेंदूच्या नोंदी दाखवल्या. औषध वाढत जातं तशी आधी आठवण जाते, मग शब्दांचा अर्थ जातो, मग आवाज नुसता आवाज म्हणून पोचत राहतो, आणि हे सगळं प्रत्येकात निराळ्या क्रमाने. सर त्या कागदांकडे पाऊण तास बघत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या वर्गाच्या टिपणांवर आडवी रेघ मारली आणि विद्यार्थ्यांना सांगितलं, की गेल्या एकोणीस वर्षांतल्या मुलांचे पत्ते मिळाले तर मी त्यांना कळवणार आहे. मला वाटतं काही जणांना त्यांनी खरंच पत्रं पाठवली. असा माणूस मी आमच्या विज्ञानात फारसा पाहिलेला नाही.

आता त्या बाई.

त्या बस चालवायच्या. पोटाची मोठी शस्त्रक्रिया होती. घरात सगळ्यांत थोरल्या, म्हणून धाकट्या बहिणी त्यांना ‘मोठी’ म्हणत. वहीत तेच नाव लिहिलं गेलं. सकाळी दहा पंधराला पहिला छेद घेतला. दहा सतराला सर वाकून म्हणाले, “मोठी, ऐकू येतंय? हात दाब.”

त्यांनी दाबला.

सरांनी ठरल्याप्रमाणे पुढचं विचारलं, “दुखत असेल तर दोनदा दाब.”

त्यांनी दोनदा दाबला. आधीच्या कोणी इथवर मजल मारली नव्हती. आधीचे सगळे ‘ऐकू येतंय’ एवढंच सांगून थांबले होते. मी ताबडतोब औषध वाढवलं. दीड मिनिटाने सरांनी पुन्हा विचारलं तेव्हा हात स्वस्थ होता. शस्त्रक्रिया नीट पार पडली. दुपारी मी वॉर्डात गेले तर बाई उशीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, “डॉक्टर, कित्येक वर्षांत अशी छान झोप लागली नव्हती.” मी त्यांच्या कागदावर नेहमीप्रमाणे ‘भूल समाधानकारक’ असं लिहिलं आणि सही केली.

सर जिन्यात वाट बघत उभे होते. “सांगितलंत?” त्यांनी विचारलं.

आता, अभ्यास सुरू करताना सरांनी एक अट घातली होती, की जे घडेल ते रुग्णाला सांगायचं. मी ती मान्य केली होती. खरं सांगायचं तर, आपण अशा कागदांवर ज्या मनाने सही करतो त्या मनाने केली होती. मी म्हटलं, “काय सांगू? त्यांना छान झोप लागली होती. ती मोडू?”

तिथून आमचं जुंपलं. माझं म्हणणं असं, की जे आठवत नाही त्याचा त्रास नाही. आम्ही जाऊन सांगितलं, की मगच त्रास सुरू होणार. मी डॉक्टर आहे, त्रास कमी करणं माझं काम. सरांनी विचारलं, “काल दुखलेलं आज आठवलं नाही, तर काल दुखलं नव्हतं का?” मी म्हटलं, ती निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया असेल, हात आपोआप आवळला गेला असेल. ते म्हणाले, आपोआप आवळणारा हात ‘मोठी’ या हाकेला ओ देत नाही, आणि दोनदा म्हटल्यावर मोजून दोनदा दाबत नाही. शेवटी मी चिडून म्हटलं, “मग त्या दीड मिनिटात आत कोणाला तरी दुखत होतं, हे सिद्ध करून दाखवा.”

सर शांतपणे म्हणाले, “ते मला सिद्ध करता येत नाही, डॉक्टर. आत्ता तुम्ही माझ्यावर चिडला आहात, तेव्हा तुमच्या आत कोणीतरी चिडलेलं आहे हेही मला सिद्ध करता येत नाही. तरी मी एक पायरी मागे सरकलो आहे.”

खरंच सरकले होते.

त्यानंतर सहा दिवस बोलणं बंद. शस्त्रक्रियागृहात दोघांमध्ये दोन हातांचं अंतर, आणि निरोप सिस्टरांमार्फत. “सिस्टर, सरांना सांगा, पट्टा सैल आहे.” “सिस्टर, डॉक्टरांना सांगा, पट्टा मी नाही बांधत, त्याच बांधतात.” तिसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, “मी पोस्टात नोकरी धरते, तिथे निदान शिक्के तरी असतात.” हसा, हसा. मी तेव्हा हसत नव्हते. मला झोप लागत नव्हती. भूल अपुरी पडली हे लेखी कबूल करणं म्हणजे काय, ते आमच्या व्यवसायातल्या लोकांना माहीत आहे. त्यात मी ‘समाधानकारक’ लिहून सही करून बसले होते. बाईंच्या काळजीचं जे कारण मी सरांना देत होते, त्यातला निम्मा भाग माझ्या स्वतःच्या भीतीचा होता. हे मला तेव्हाच कळलेलं होतं. ते कबूल मात्र मी आज पहिल्यांदा, इतक्या लोकांसमोर करते आहे.

सहाव्या दिवशी बाईंना घरी सोडायचं होतं. सकाळी मी वॉर्डात गेले. सर आधीच दाराशी उभे होते, पण आत गेलेले नव्हते. म्हणाले, “सांगायचं तर तुम्हीच. मी नुसता येतो.” आम्ही आत गेलो. बाई पिशवी भरत होत्या. मी त्यांना बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. हात, पट्टा, दहा सतरा, दोनदा. कमीत कमी शब्दांत.

 त्यांनी हातातला टॉवेल घडी करून पिशवीत ठेवला, परत काढला, पुन्हा घडी केली. मग म्हणाल्या, “दोनदा म्हणजे दुखतंय, असं ठरलं होतं?”

“हो.”

“मग तुम्ही काय केलंत?”

मी म्हटलं, “औषध वाढवलं. दीड मिनिट लागलं.”

“ते झालं तुमचं. माझा हात ज्यांच्या हातात होता, त्यांनी काय केलं?”

सर म्हणाले, “मी वेळ लिहिली. दहा वाजून सतरा मिनिटं.”

“परत दाबला नाहीत?”

“नाही,” सर म्हणाले. “माझा हात स्थिर ठेवायचा, असा नियम होता. मी दाबला असता तर उत्तर तुमचं की माझ्या हाताचं, हे कळलं नसतं.”

नियम आम्ही दोघांनी मिळून केला होता. एक तत्त्वज्ञ आणि एक शास्त्रज्ञ, दोघांनी चार महिने बसून, प्रत्येक शंका काढून, पुरावा निर्भेळ राहावा म्हणून. सगळ्या शक्यता आम्ही धरल्या होत्या. आत कोणी नसेल तर काय, आत कोणी अर्धवट असेल तर काय. आत खरोखरच कोणी असेल, त्याने हाक दिली आणि त्याला उत्तर हवं असलं तर काय, ही एक शक्यता धरायची राहून गेली होती. अशी चूक करायला आमच्याइतकंच शिकलेलं असावं लागतं.

बाई म्हणाल्या, “मी सव्वीस वर्षं बस चालवते. मागून कोणी घंटी मारली की मी आरशात बघून हात वर करते. थांबा अजून लांब असला तरी. गाडी लगेच थांबवता येत नाही, पण कळलंय एवढं सांगता येतं. नाही सांगितलं तर माणूस दारापाशी जीव मुठीत धरून उभा राहतो.” मग म्हणाल्या, “मला राग आलाय. पण तुम्ही आला नसतात, तर माझ्या अंगावर काय बेतलं ते तुम्हां दोघांना ठाऊक आणि मलाच नाही, असं झालं असतं. ते मला चाललं नसतं. आणि त्या कागदावर काय लिहिलंय?”

मी कागद दाखवला. ‘समाधानकारक’ या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं. मी तो शब्द खोडला आणि खाली लिहिलं, ‘दहा वाजून सतरा मिनिटांनी रुग्णाने वेदना होत असल्याचे कळवले. त्या वेळी भूल अपुरी होती.’ सही केली. अध्यक्ष महोदय, आपल्या आधीच्या अधिष्ठात्यांनी मला त्याबद्दल लेखी ताकीद दिली होती. ती माझ्या फायलीत आहे आणि ती तिथेच राहावी, अशी माझी इच्छा आहे.

त्या दिवशी वॉर्डातून बाहेर पडल्यावर सर सहा दिवसांनंतर माझ्याशी नेहमीसारखे बोलू लागले. म्हणाले, “नियम बदलायचा.” नवा नियम असा, की रुग्णाने उत्तर दिलं की आधी त्याचा हात दाबायचा, ‘कळलं’ म्हणायचं, आणि मग वेळ लिहायची. मी डोक्याला हात लावला. अहो, पुराव्याचं काय? ज्यांनी आमचा निबंध तपासला त्यांनीही हेच लिहून पाठवलं, की हात धरणाऱ्या व्यक्तीच्या कृतीमुळे नंतरच्या नोंदी ग्राह्य धरता येत नाहीत. अर्धा अभ्यास बाद झाला. सर म्हणाले, ठीक आहे. उरलेला अर्धा छापून आला आणि आजही लोक तो वाचतात. बाद झालेला अर्धा आमच्या शस्त्रक्रियागृहात रोज वापरला जातो. कोणता जास्त महत्त्वाचा, याबद्दल आमच्यात मतभेद नाही, ही आमच्या चौदा वर्षांतली दुर्मीळ गोष्ट.

इथे खरं म्हणजे मी थांबायला हवं. आयोजक घड्याळाकडे बघत आहेत. पण एक राहिलं आहे, आणि ते सरांनाही ठाऊक नाही की मी सांगणार आहे.

गेल्या वर्षी माझ्या गळ्यातली गाठ काढली. आमच्याच शस्त्रक्रियागृहात. भूल माझ्या एका विद्यार्थ्याने दिली, आणि मी टेबलावर आडवी होऊन त्याला सूचना देत होते. आदल्या संध्याकाळी सरांनी माझ्या धाकट्या बहिणीला गाठून माझं घरातलं नाव विचारून घेतलं. ते नाव मी इथे सांगणार नाही. ज्यांच्या कानावर ते पडलं आहे त्यांनी चहा झाल्यावर मला येऊन भेटावं, त्यांची सोय करता येईल.

पट्टा बांधला. सर स्टुलावर बसले. पुढचं मला माहीत नाही. जागी झाले तेव्हा गळा दुखत होता आणि ते शेजारी होते. मी पहिल्यांदा तेच विचारलं. मला सांगा.

सर म्हणाले, “वीस मिनिटांत सात वेळा विचारलं. तुम्ही एकदाही हात दाबला नाहीत.”

मी म्हटलं, “म्हणजे मी नव्हते.”

“तुम्ही उत्तर दिलं नाहीत, एवढंच मला माहीत आहे.”

मला हसू आलं, आणि गळा दुखला. मी विचारलं, “मग पट्टा सोडल्यावर बाहेर जाऊन बसलात ना? शस्त्रक्रिया दोन तासांची होती.”

“नाही. तिथेच होतो. हात दाबत होतो. पाच-पाच मिनिटांनी.”

“पण का? आपल्या नियमात उत्तर आल्यावर दाबायचा आहे. मी तर काहीच बोलले नव्हते. आणि पट्टा सोडल्यावर मला काही सांगायचं असतं, तरी हात हलवता आला नसता.”

सर म्हणाले, “म्हणूनच.”

मग म्हणाले, “नियम मोडला खरा. तुमची नोंद मी अभ्यासातून काढून टाकली आहे.”

मी तीस वर्षं हे काम करते आहे. हजारो माणसांना मी आकडे मोजायला लावून झोपवलं आणि यंत्रावरचा आकडा खाली आला की निर्धास्त झाले. त्या दोन तासांतलं मला काहीही आठवत नाही, आणि मी तिथे होते की नव्हते हे माझं शास्त्र आज सांगू शकत नाही, सरांचं शास्त्रही सांगू शकत नाही. कदाचित पुढे कधी दोघं मिळून सांगतील. तोपर्यंत, आत आहे की नाही हे कळत नाही अशा माणसाशी कसं वागायचं, हा प्रश्न उरतोच, आणि त्याला वाट बघायला वेळ नसतो. मी त्या खाटेवर रडले, हे इथे सांगून टाकते. सर खिडकीबाहेर बघत राहिले. अशा वेळी काय करावं, हे त्यांना अजून कळत नाही.

सर, तुम्ही आम्हांला पुष्कळ छळलंत. त्याबद्दल माझ्या विभागाच्या वतीने आणि माझ्या स्वतःच्या वतीने मी तुमची ऋणी आहे. वहिनी, आठवड्यातल्या दोन सकाळी तुम्ही त्यांना आमच्या स्वाधीन केलंत, त्यांचा डबा चारदा आमच्या सर्जननी खाल्ला, तरी तुम्ही पाठवत राहिलात, तुमचे आभार. अध्यक्ष महोदयांनी आणि प्राचार्याबाईंनी मला बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी जागं राहून ऐकलंत, आपलेही मनापासून आभार.

भाषण संपवताना, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर विसरून जावं, असं म्हणायची पद्धत आहे. मला तसं म्हणता येणार नाही. विसरल्याने घडलेलं पुसलं जात नाही, हे मला फार उशिरा कळलं आहे. तेव्हा माझं जे चुकलं असेल ते लक्षात ठेवा, आणि लक्षात ठेवून मला माफ करा.

नमस्कार.